ललिता फ्रॉक

माझी आई सिल्वासाच्या डोकमर्डी भागात लहान मुलींचे फ्रॉक शिवायची. आम्ही नाशिकहून सिल्वासाला आलो तेव्हा मी शाळेत होते. बाबांना जवळच मसाटच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. तेव्हा इकडे रोज नवी शेड उभी राहत होती, आणि कारखान्यांमागोमाग माणसं येत होती. पुण्याची, मुंबईची, धुळ्याची, बिहारची. माणसांबरोबर लेकरं आली आणि लेकरांबरोबर वाढदिवस. आईचं पायमशीन त्या वाढदिवसांवर चालायचं. तिच्या फ्रॉकची ख्याती म्हणजे घेर. साटीनचं कापड, वर जाळी, जाळीवर झालर, झालरीवर लेस, फुग्याच्या बाह्या आणि मागे कमरेला हा एवढा बो. एखादी चार वर्षांची पोर तो फ्रॉक घालून केकसमोर उभी राहिली की तिचे हात केकपर्यंत पोचायचे नाहीत, कारण मध्ये फ्रॉकच असायचा.

मीही ते फ्रॉक घातले. मग एका दिवाळीला आईने माझ्यासाठी पंजाबी ड्रेस बेतला. मी विचारलं, "फ्रॉक का नाही?" ती तोंडात टाचण्या धरून होती. टाचण्यांमधूनच म्हणाली, "आता मोठी झालीस." मोठं होण्याचा आणि झालरीचा काय संबंध, हे मला कळलं नाही. पण मी वाद घातला नाही. पंजाबी ड्रेस छान होता.

पुढे मी टेक्स्टाइलचा डिप्लोमा केला आणि मसाटलाच धाग्याच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात लागले. आमच्याकडे पॉलिस्टरचा सरळ, गुळगुळीत धागा यायचा. मशीन त्याला तापवून पीळ द्यायचं आणि तो कुरळा, फुगीर होऊन बाहेर पडायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपनीने नवी जपानी मशिनं घ्यायचं ठरवलं, आणि ती शिकायला मेंटेनन्सच्या एका साहेबांना आणि मला तीन आठवडे जपानला पाठवलं. घरात आनंदापेक्षा घबराट जास्त होती. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, आणि बाबांना कळेना की मुलगी परदेशात जाऊन आली हे मुलाकडच्यांना सांगावं की लपवावं. आईने मेथीचे ठेपले बांधून दिले. डोकमर्डीत इतकी वर्षं राहून ती ठेपले गुजराती शेजारणींपेक्षा बरे करायला लागली होती.

मशीनचा कारखाना टोकियोपासून बराच लांब, एका छोट्या गावात होता. तिथल्या ऑफिसात एक बाई होत्या, चाळिशीच्या, इंग्रजी चांगलं बोलणाऱ्या. त्याच आमच्या दुभाषी. दिवसभर मशीनपाशी उभ्या राहून त्या फोरमनचं जपानी मला इंग्रजीत सांगायच्या आणि माझे प्रश्न त्याला. माझे प्रश्न फार असायचे. एकदा त्या थकून म्हणाल्या, "तुम्ही मशीन सोडून दुसऱ्या कशाबद्दल विचारता का कधी?" मी म्हटलं, "दुसरं काही बघितलंच नाही अजून." तेव्हा त्यांनी ठरवलं की रविवारी मला टोकियो दाखवायचं. साहेबांनी रविवारी झोपायचं ठरवलं होतं, म्हणून आम्ही दोघीच निघालो.

त्यांनी मला आधी एक मंदिर दाखवलं, मोठ्या झाडीतलं. तिथून बाहेर पडलो तर समोर एक पूल होता आणि पुलावर गर्दी. मी जवळ गेले आणि थांबलेच.

पुलाच्या कठड्याला टेकून सात-आठ मुली उभ्या होत्या. लहान नव्हेत, माझ्याच वयाच्या. आणि त्यांनी आईचे फ्रॉक घातले होते.

दुसऱ्या कोणत्या शब्दांत सांगू? गुडघ्यापर्यंत घेर, घेरावर झालरीच्या रांगा, फुग्याच्या बाह्या, गळ्याशी लेस, कमरेला बो. एकीचा गुलाबी, एकीचा फिका निळा, दोघींचे काळेकुट्ट आणि त्यांवर पांढरी लेस. पायांत लेसचे मोजे, डोक्यावर झालरीची पट्टी हनुवटीखाली रिबिनीने बांधलेली. एकीच्या हातात छत्री होती, तिलाही झालर. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता.

"नाटक आहे का इथे?" मी दुभाषी बाईंना विचारलं.

"नाही."

"कुणाचं लग्न?"

"नाही हो. आज रविवार आहे," त्या म्हणाल्या, जणू त्यात सगळं आलं. मग थोड्या संकोचून त्यांनी त्या पेहरावाचं नाव सांगितलं. र आणि ल यांच्या मधोमध जीभ ठेवून जपानी माणसं बोलतात. मला ऐकू आलं 'ललिता'. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं, मला पुन्हा ललिताच ऐकू आलं. लोलिता हा खरा शब्द मला कितीतरी वर्षांनी कळला.

"हे कपडे मिळतात कुठे?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना मला चहाचे कप विकणाऱ्या दुकानात न्यायचं होतं. पण त्या भल्या होत्या. म्हणाल्या, "चला, विचारू या," आणि त्या छत्रीवाल्या मुलीलाच जाऊन विचारलं. मुलगी वाकून हसली आणि छत्रीने रस्ता दाखवला.

त्या भागाचं नाव हाराजुकू. एक रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उंच झाडं, पानं पिवळी झालेली. त्याच्या पोटात शिरणाऱ्या बारीक गल्ल्या, आणि गल्ल्यांत तरुण पोरापोरींची अशी दाटी की आपल्याकडे जत्रेत असते. कुणाचे केस हिरवे, कुणाच्या पायात वीटभर उंचीचे बूट. लोणी आणि साखर भाजल्याचा वास येत होता. मी पंजाबी ड्रेसवर स्वेटर आणि स्वेटरवर ओढणी अशी चालले होते. इतकी वर्षं मला वाटायचं की परदेशात सगळे आपल्याकडे बघणार. तिथे एकानेही पाहिलं नाही.

एका मोठ्या इमारतीत, जिना उतरून तळघरात, ललिताची दुकानं होती. एक नव्हे, ओळीने चार-पाच. आम्ही पहिल्यात शिरलो. दुकान आमच्या डोकमर्डीच्या बाहेरच्या खोलीएवढंच, पण कपाटं, आरसे, झुंबर, सगळं पांढरं आणि सोनेरी. विकणारी मुलगीही फ्रॉकमध्येच. आमच्याकडे साडीच्या दुकानातले लोक पँट-शर्टात असतात. इथे विकणारी तेच घालून उभी होती, आणि कुठला फ्रॉक विकाऊ आणि कुठला तिचा, हे मला कळेना.

मी एका निळ्या फ्रॉकपाशी गेले आणि हात आपोआप घेराखाली गेला. आई कुठलंही कापड आधी उलटं करून बघते. मीही केलं. मग भान येऊन हात मागे घेतला, कारण विकणारी जवळ आली होती. ती रागावली नाही. खाली बसली, स्वतःच घेर उचलून आतलं अस्तर दाखवू लागली. एक बोट शिवणीवरून फिरवत काहीतरी बोलत राहिली. दुभाषी बाई म्हणाल्या, "ती विचारते आहे, तुम्ही शिवता का?"

"माझी आई शिवते," मी म्हटलं. "लहान मुलींसाठी."

ते ऐकून विकणारीने दोन्ही हात गालांवर ठेवले. मग तिने सरळ विचारलं, घालून बघणार का?

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले.

आधी बूट काढायला लावले. मग तिने मला पातळ कापडाची एक पिशवी दिली, डोक्यावरून चेहऱ्यावर ओढायची, म्हणजे गालाची पावडर कपड्याला लागत नाही. मला वाटलं, आईला हे सांगितलं पाहिजे. तिच्या पोरी तर केक खाऊन झाल्यावर तोंड फ्रॉकलाच पुसतात. पडद्याआड मी चेहरा झाकून, हात वर करून उभी राहिले आणि ती निळी झालर माझ्या अंगावरून खाली उतरली. विकणारीने आत येऊन मागचा बो बांधला. घेराच्या आत घालायला तिने एक जाळीचा परकर दिला. तो घातल्याबरोबर सगळा फ्रॉक श्वास घेतल्यासारखा फुगला. माझी वेणी तिने पुढे घेतली आणि तिच्या टोकाला रिबीन लावली.

आरशात मीच होते. चष्मा, नाकावरचा तीळ, सगळं जागच्या जागी. फक्त माझ्याभोवती हातभर अंतर तयार झालं होतं. कारखान्यात मी दोन मशिनांच्या मधून अंग चोरून चालते. बसमध्ये बॅग छातीशी धरून. इथे मी गोल फिरले तर पडदा हलला. दुभाषी बाई दोन पावलं मागे सरकल्या. मला हसू आलं, मग त्यांना आलं.

"तिला विचारा ना," मी म्हटलं, "हे कितव्या वर्षापर्यंत घालायचं?"

विकणारीने खूप विचार केला. मग जे बोलली ते ऐकून दुभाषी बाई आणखी हसल्या. "ती म्हणते, मला माहीत नाही. माझी आईपण मला रोज हेच विचारते."

फ्रॉकला लटकणारी किमतीची चिठ्ठी पाहून मी ती हळूच पालथी करून ठेवली. पण त्या परकराने माझं मन ओढून घेतलं होतं. पांढरी मऊ जाळी, थरावर थर, तरी कुठे टोचत नव्हती. आईच्या फ्रॉकमधली जाळी पोरींना टोचायची. वाढदिवसाच्या निम्म्या रडण्याचं कारण तेच असायचं. मी परकर घेतला. विकणारीने तो कागदात, मग पिशवीत घातला आणि पिशवी स्वतः हातात घेऊन दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आली. तिथे वाकून ती दोन्ही हातांनी मला दिली. आम्ही जिना चढेपर्यंत ती वाकलेलीच होती.

मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्याने माझी बॅग उघडली. कागद फाडताच परकर फस्सकन वर आला. "ये क्या है?"

"परकर."

त्याने दोन बोटांनी तो उचलला, आतून बघितलं, बाहेरून बघितलं. "इतना बडा?" म्हणाला आणि पुन्हा कोंबायला लागला. तो कोंबला जाईना. शेवटी मी तो हातावर टाकून बाहेर आले. न्यायला आलेल्या बाबांनी मला पाहिलं, परकराला पाहिलं, आणि माझी बॅग उचलून जीपकडे चालू लागले.

आईने परकर पलंगावर पसरला. मी सांगत होते आणि ती थर मोजत होती, जाळी गालाला लावून बघत होती.

"माझ्या वयाच्या मुली गं, आई. असेच फ्रॉक, तुझ्यासारखे."

"नाटकात?"

"नाही. रविवारी."

"आणि लोक?"

"लोक बघतपण नाहीत."

आईने परकर बाजूला सारला. मग उठली, गळ्यात टेप टाकली आणि म्हणाली, "उभी राहा." छाती, कंबर, खांदा, गुडघ्यापर्यंत उंची. बाबा दारातून म्हणाले, "अगं, हे घालून ती जाणार कुठे?"

"कुठे जायलाच पाहिजे का?" आई म्हणाली. "आधी होतं का ते तर बघू. एवढ्या मोठ्या अंगावर घेर कसा बसवतात, मला बघायचंय." तिला खरोखर तेवढंच बघायचं होतं. एरवी ती माझ्या लग्नासाठी साड्यांच्या घड्या घालून ठेवत होती. पण त्या आठवड्यात कपाटाकडे फिरकली नाही.

दुसऱ्या रविवारी आम्ही सिल्वासाच्या बाजारात गेलो. आईचा ठरलेला कापडवाला गुजराती, गादीवर मांडी घालून बसणारा. वर्षानुवर्षं तिला फ्रॉकचं साटीन देणारा.

"केटला वरसनी बेबी, बेन?" कापड किती फाडायचं ते तो वयावरून ठरवायचा.

"चोवीस," आई म्हणाली.

"चोवीस महिना?"

"चोवीस वरस."

त्याची कात्री हवेतच राहिली. त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काचेखालच्या बटणांकडे पाहायला लागले. आई अजिबात हसली नाही. "ही बेबी," तिने माझ्याकडे बोट केलं. "निळं दाखवा. आणि पांढरी लेस, रुंद."

तो हळूहळू उठला आणि ठाण काढायला लागला. एक ठाण, दोन ठाण. थोड्या वेळाने त्यालाच चेव आला. "एना उपर आ लेस नहीं चाले, बेन, झीणी जोईए," असं म्हणत त्याने बारीक लेसची गुंडाळी काढली. त्यांचं दोघांचं तासभर चाललं. मी मध्ये मध्ये सांगत होते: गळ्याशी अशी चुणी होती, बाहीला इथे रिबीन होती. निघताना त्याने विचारलं, "पण बेन, प्रसंग कयो?"

आई पैसे मोजत होती. "रविवार," मी म्हटलं.

फ्रॉक शिवायला आईला पंधरवडा लागला. लहान फ्रॉक ती एका दुपारी उडवायची. हा तिने दोनदा उसवला. कंबरेशी चुण्यांची जाडी इतकी झाली की मशीनची सुई मोडली, मग तिने घेर तिरपा कापून पुन्हा जोडला. शेवटी एका सुट्टीच्या सकाळी मी तो घातला. आत जपानी परकर, वर सिल्वासाचं साटीन. टोकियोच्या फ्रॉकइतका तो रेखीव नव्हता, उजवी बाही जरा जास्त फुगली होती. आई पलंगावर बसून माझ्याकडे पाहत राहिली. "वळ," म्हणाली. मी वळले. "पुन्हा वळ."

तेवढ्यात शेजारच्या वहिनी साखर मागायला आल्या. त्या शहाद्याकडच्या. नवरा-बायको दोघं मसाटला कामाला, त्या पॅकिंगमध्ये. वयाने माझ्याएवढ्याच असतील, पण लग्न पंधराव्या वर्षी झालेलं आणि सहा वर्षांची मुलगी पदरात. त्या दारात आल्या, मला पाहिलं, आणि वाटी छातीशी धरून इतक्या हसल्या की खालीच बसल्या. "काय वं माय! ताई, काय घालीसन उभ्या तुम्ही!"

मीही हसले. आईने सगळं सांगितलं: जपान, पूल, रविवार, ललिता. वहिनी ऐकत होत्या आणि त्यांचा हात हळूहळू झालरीकडे आला. मग त्या हसेनाशा झाल्या.

"मावशी," त्या आईला म्हणाल्या, "माले एक डाव घालू द्या ना."

"घाल की."

आतल्या खोलीत मी त्यांना फ्रॉक घातला. गळ्यात मंगळसूत्र, हातभर हिरव्या बांगड्या, नाकात मुरणी, केसांत तेल, आणि खाली तो निळा घेर. त्या माझ्यापेक्षा बारीक, त्यामुळे आईने मागून दोन टाचण्या मारल्या. वहिनी आरशासमोर गेल्या. पायाची बोटं वळवून उभ्या राहिल्या, कारण पोटऱ्या उघड्या होत्या आणि त्यांना त्याची सवय नव्हती. मग त्यांनी घेर दोन्ही हातांनी धरला आणि एक गिरकी घेतली. बांगड्या वाजल्या. दुसरी गिरकी जोरात घेतली.

त्यांची मुलगी दारात उभी होती. तिने डोळे मोठे करून विचारलं, "आई, आज तुझा वाढदिवस आहे?"

वहिनी थांबल्या. "माले काय माहीत वं," त्या म्हणाल्या. "कोणी सांगितलंच नाही कधी येतो ते." सहज म्हणाल्या, दुःखाने नव्हे. पण आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. त्या दिवशी आम्ही चौघींनी शिरा खाल्ला, वहिनींनी फ्रॉकमध्येच, घेर वर धरून.

संध्याकाळी त्यांनी फ्रॉक परत दिला आणि अडखळत विचारलं, फोटो काढता येईल का? दुसऱ्या दिवशी मी, वहिनी आणि त्यांची मुलगी सिल्वासातल्या फोटो स्टुडिओत गेलो. फ्रॉक पिशवीत, त्यांच्या अंगावर साडी. पडद्याआड त्यांनी तो बदलला. फोटोवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग शहाणपणाने फक्त दिव्याकडे लक्ष दिलं. त्याच्याकडे धबधब्याचा पडदा होता आणि ताजमहालाचा. वहिनींनी धबधबा निवडला. हसा म्हटल्यावर त्या हसल्या नाहीत. मान ताठ करून सरळ कॅमेऱ्यात बघितलं.

वहिनींचा नवरा काय म्हणेल याची मला धास्ती होती. त्याने फोटो बघितला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाला, "हे कोन?" वहिनी म्हणाल्या, "मी." तो पुन्हा बघू लागला. मग त्याने खिळा ठोकला आणि फोटो गणपतीच्या कॅलेंडरशेजारी टांगला. हे सगळं वहिनींनीच आम्हाला नक्कल करून दाखवलं.

पॅकिंगमधल्या बायकांना फोटोची बातमी लागायला वेळ लागला नाही. एकेक करून त्या आमच्याकडे येऊ लागल्या, फ्रॉक बघायला. घालणारी दुसरी कुणी निघाली नाही. पण हात सगळ्यांचे झालरीवरून फिरायचे. शेवटी एकीने विचारलं, "मावशी, अशी झालर गाऊनला लागेल का?" घरात घालायचा सुती, पायघोळ गाऊन तेव्हा घरोघर आला होता. बायका तो घालून भाजी घ्यायला, पाणी भरायला, सगळीकडे जायच्या, खांद्यावर एक ओढणी टाकली की झालं. आईने एका गाऊनला गळ्याशी आणि खाली झालर लावून दिली, बाह्या फुगवल्या. मग दुसरा आला, मग पाच. वहिनी प्रत्येकीला सांगायच्या, "ललिता शिवा म्हना, म्हनजे मावशीले बरोबर कळतं."

माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले. फ्रॉक आईकडेच राहिला. काही वर्षांनी वहिनींची मुलगी शाळेच्या गॅदरिंगला तो घालून परी झाली, तेव्हा आईने तो चार बोटं आत घेतला होता.

लग्नाआधीचा शेवटचा महिना मी मसाटच्या बसला नेहमीसारखी सकाळी उभी राहायचे. कोपऱ्यावर भाजीची हातगाडी असायची आणि गाडीभोवती गाऊन घातलेल्या बायका. पिवळ्या झालरी, लाल लेस, फुग्याच्या बाह्या, वर ओढणी. एक हात वांग्यांच्या ढिगात, दुसऱ्या हाताने घेर चिखलातून वर धरलेला. एक दिवस त्यांतली एक माझ्याकडे वळून ओरडली, "ताई, मावशीले सांगा, लेस पहिल्याच धुण्यात आटली! दुसरी लावून द्या म्हना." मी हो म्हटलं, आणि बस आली.